पाकिटावरचं नाव आणि गच्चीवरचं झाड : पेरूच्या रानटी टोमॅटोची ओळख

प्रश्न ठाण्याहून आला आहे, थोडक्यात असा : "ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटावर ‘रानटी करंट टोमॅटो, सोलॅनम पिंपिनेलिफोलियम’ असं छापलं होतं. गच्चीवर चार रोपं वाढली, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी लाल फळं लागली. शास्त्रीय वर्णन शोधून वाचलं, पण निम्मं डोक्यावरून गेलं. माझं झाड खरंच तेच आहे की साधा चेरी टोमॅटो आहे? आणि ‘नाइटशेड’ म्हणजे विषारी असं व्हिडिओत सांगतात, तर फळं खायची की नाहीत?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो पोटाचा आहे. पिवळी फुलं, पिसासारखं विभागलेलं पान आणि पानाला टोमॅटोचा ओळखीचा उग्र वास, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर पिकलेली लाल फळं बिनधास्त खा. नाइटशेड हे इंग्रजीतलं अख्ख्या कुळाचं घरगुती नाव. त्यात बेलाडोना आणि धोतरा येतो, तसं आपलं भरलं वांगं, बटाट्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचाही येतो. टोमॅटोच्या कच्च्या फळांत आणि पाल्यात टोमॅटिन नावाचं कडू द्रव्य असतं, फळ पिकताना ते उतरतं. म्हणून हिरवी फळं मूठभर खाऊ नका, पाला खाऊ नका. बाकी भीती व्हिडिओवाल्यांना परत करा.

मात्र फुलं पांढरी असतील आणि पान साधं, अखंड असेल, तर ते टोमॅटोच नव्हे. ती कामोणीच्या गोतातली एखादी जात. कामोणीची फळं काळी असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिच्या जवळच्या एका जातीची फळं पिकल्यावर नारिंगी-लाल होतात आणि ती आपल्याकडेही उगवते. नुसत्या फळावरून ओळख पटवायला गेलेली बरीच माणसं तिथे चकलेली मी पाहिली आहेत.

आता मूळ प्रश्न. वर्णन वाचायचं तर आधी ते झाड जिथलं आहे तिथे जाऊ. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर, इक्वेडोर आणि पेरू या देशांच्या किनारपट्टीत ही जात रानटी उगवते. पेरूचा किनारा म्हणजे डोळ्यांसमोर कोकण आणू नका, ते वाळवंट आहे. समुद्रातून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्यामुळे पाऊस जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात समुद्रावरून दाट धुकं येतं, त्याला तिकडे ‘गारुआ’ म्हणतात. अँडीज पर्वतातून उतरणाऱ्या लहान लहान नद्यांनी या वाळवंटात हिरव्या खोऱ्यांच्या पट्ट्या ओढल्या आहेत आणि आपलं झाड त्या पट्ट्यांच्या काठाकाठाने राहतं : पाटाच्या कडेला, शेताच्या बांधावर, दगडांच्या ढिगात. म्हणजे माणसाच्या शेतीला चिकटून राहणारं तण. आपल्या काटेरिंगणीचा स्वभाव आठवा, तशातलंच. फरक इतकाच की काटेरिंगणीला कोणी हात लावत नाही आणि याची फळं जाता-येता तोंडात टाकली जातात. स्थानिक लोक त्याला ‘तोमातियो’ म्हणतात, म्हणजे छोटा टोमॅटो. मेक्सिकोत मात्र हेच नाव रसभरीच्या जातकुळीतल्या, कागदी वेष्टनातल्या हिरव्या फळाला आहे. लोकनावं सरहद्द ओलांडली की अशी पलटतात, शास्त्रीय नावाचा खटाटोप त्यासाठीच.

ते नाव स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५५ मध्ये दिलं. तो कधी दक्षिण अमेरिकेत गेला नव्हता. ‘पिंपिनेलिफोलियम’ म्हणजे पिंपिनेलासारख्या पानांचं. पिंपिनेला ही ओवा-बडीशेपेच्या कुळातली वनस्पती, युरोपातल्या कुरणांत आढळणारी. म्हणजे नावातच पहिली खूण सांगितली आहे : पान पाहा. पुढे सुमारे दोनशे वर्षं टोमॅटोवर्गाला सोलॅनमपासून वेगळं काढून ‘लायकोपर्सिकॉन’ या निराळ्या प्रजातीत ठेवण्याची रीत होती. १९९३ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून ते पुन्हा सोलॅनमच्या घरात आले. त्यामुळे जुन्या पुस्तकात ‘लायकोपर्सिकॉन पिंपिनेलिफोलियम’ दिसलं तर दचकू नका, झाड तेच.

वर्णनाचा क्रम नेहमी खालून वर जातो : खोड, पान, फुलोरा, फूल, फळ, बी. झाडासमोर उभं राहून त्याच क्रमाने वाचलं की ते आपोआप उलगडतं, खुर्चीत बसून नाही.

खोड बारीक, सुरुवातीला उभं, मग आडवं पसरणारं. रानात एकेक झाड दोन-तीन मीटर घेर धरतं. लव फार थोडी आणि बारीक, जवळजवळ गुळगुळीत वाटावं इतकी. घरच्या टोमॅटोचं खोड हाताला केसाळ लागतं, बोटं हिरवट-पिवळी होतात. दोन्ही खोडांवरून एकापाठोपाठ एक बोट फिरवा, फरक भिंग न लावता कळतो. वाढ थांबत नाही. तीन पानं, मग एक फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, पुन्हा घोस, असं चालूच राहतं. शेतातल्या काही वाणांसारखं ठराविक उंचीला ‘बसणारं’ हे झाड नव्हे. म्हणून कुंडीत त्याला चार फुटांची काठी दिली असेल तर ती अपुरी पडणार.

पान हा या जातीचा सर्वांत चांगला साक्षीदार. ते संयुक्त असतं, मधल्या दांड्याला समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, दोन-तीन, क्वचित चार जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका. मधे मधे नखाएवढ्या पिटुकल्या पर्णिका घुसलेल्या असतात, वर्णनात ज्याला ‘खंडित पिच्छाकृती’ म्हणतात ते हेच. आता पर्णिकेची कडा बघा. घरच्या टोमॅटोची कडा करवतीसारखी दातेरी, कधी खोल कापलेली. पिंपिनेलिफोलियमची कडा बहुतेक सलग, फार तर देठाजवळ थोडी नागमोडी. तुमच्या झाडाच्या पानांना स्पष्ट दाते असतील, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, माझा संशय पक्का होतो.

पण कोणतं पान बघायचं? सगळ्यांत खालची पिवळी पडत आलेली नकोत, शेंड्याची कोवळीही नकोत. पूर्ण वाढलेलं, घोसाच्या लगतचं पान घ्या आणि एक नाही, दहा घ्या. चारही झाडांवरून.

इथे वर्णनातल्या कंसांचं सांगतो, कारण लोक अडतात ते तिथेच. पानाची लांबी "(२–)४–१२ सेंमी" अशी लिहिलेली असते. अर्थ असा की बहुतेक पानं ४ ते १२ सेंटिमीटरमध्ये बसतात आणि कंसातलं माप हे विरळा दिसलेलं टोक. ते एका झाडाचं माप नसतं. वेगवेगळ्या खोऱ्यांतून, वेगवेगळ्या सालांत जमवलेल्या, कागदावर चिकटवून वाळवलेल्या नमुन्यांवरून ते काढलेलं असतं. तुमच्या गच्चीवर शेणखत, रोजचं पाणी आणि अर्धवट सावली. तिथे पान वर्णनापेक्षा मोठं निघालं तर झाड खोटं ठरत नाही. आकार परिस्थितीने बदलतो. कडा, घोसाची घडण, फळातले कप्पे एवढ्यातेवढ्याने बदलत नाहीत. माझ्या गुरूंनी हे मला शिकवलं ते एका वाक्यात : मोजमापावर विश्वास ठेव, पण घडणीवर जास्त.

घोस साधा, न फाटणारा, लांब. दोन्ही बाजूंना फुलं माशाच्या काट्यासारखी रांगेत. बुडाशी फळं लाल झालेली आणि टोकाला अजून कळ्या, असं दृश्य एकाच घोसावर दिसतं. फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते, तिथून फळ गळतं. घोसावर छोटी पानं येत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या काही दुसऱ्या रानटी टोमॅटोंच्या फुलोऱ्यावर ती येतात, म्हणून वर्णनात "नसतात" हेही लिहून ठेवावं लागतं. नवख्या माणसाला असे नकार फालतू वाटतात. खरं तर ओळख पटवण्याचं निम्मं काम तेच करतात.

आता फूल, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

रंग झळझळीत पिवळा, आकार चांदणीसारखा. पाच पाकळ्या बुडाशी जोडलेल्या, वरची टोकं अरुंद आणि फूल पूर्ण उमललं की मागे वळलेली. मधोमध पाच परागकोश एकमेकांना चिकटून एक निमुळती नळी तयार होते. त्यांच्या कडांवरचे बारीक केस एकमेकांत गुंततात, म्हणून ते सुटत नाहीत. वांग्याच्या किंवा कामोणीच्या फुलात परागकोशाच्या शेंड्याला भोक पडतं आणि पराग तिथून बाहेर येतात. टोमॅटोत परागकोश आतल्या बाजूने उभे चिरतात, पराग नळीच्या पोकळीत पडतात आणि नळीच्या तोंडातून झडतात. नळीच्या टोकाला पराग नसलेली एक लांबट चोच असते. ही चोच म्हणजे टोमॅटोवर्गाची सही. फूल तोडून, टाचणीने नळी उभी फोडून भिंगाखाली बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पराग बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. काही माश्या फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि गुणगुणतात. आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी हे करतात. मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर टोमॅटोच्या फुलावर लटकून ‘झूंऽऽ’ करणारं कोणी दिसलं, तर ते काय करतंय हे आता कळेल.

आणि सगळ्यांत मजेची गोष्ट कुक्षीची, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाची. बाजारातल्या टोमॅटोत ती नळीच्या आत दडलेली असते, त्यामुळे फूल स्वतःच स्वतःचं फलन करून टाकतं. पिंपिनेलिफोलियममध्ये ती बहुधा नळीच्या किंचित बाहेर डोकावते. किती डोकावते हे मात्र गावागणिक वेगळं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाचे चार्ल्स रिक यांनी आयुष्य रानटी टोमॅटोंच्या मागे घालवलं. १९७७ मध्ये त्यांनी याच जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर पेरूत, लाम्बायेके आणि ला लिबेर्तादच्या खोऱ्यांत, फुलं मोठी, कुक्षी बाहेर आलेली, झाडांचा एकमेकांशी संकर भरपूर आणि विविधताही भरपूर. तिथून उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत गेलं की फुलं लहान होत जातात, कुक्षी आत ओढली जाते, झाडं स्वपरागणावर येतात आणि सगळी एकसारखी दिसू लागतात. एकच जात, एकच नाव, पण किनाऱ्याच्या मधोमध एक संसार आणि कडांना दुसरा. म्हणून "फूल अमुक एवढंच" असं ठासून सांगणारं वर्णन मला कच्चं वाटतं. चांगल्या वर्णनात हा चढउतार दिसला पाहिजे.

फळाबद्दल फार बोलायला नको, ते तुम्ही रोज बघताच आहात. गोल, साधारण एक सेंटिमीटरचं, कोवळेपणी बारीक लव, पिकल्यावर तुळतुळीत लालभडक. आडवं कापलं की दोनच कप्पे. हे दोन कप्पे महत्त्वाचे. बाजारातल्या मोठ्या टोमॅटोत चार, सहा, कधी त्याहून जास्त निघतात, माणसाने निवड करता करता ते वाढवले. पण चेरी टोमॅटोतही बहुधा दोनच असतात, तेव्हा एवढ्याने निकाल लागत नाही. चेरीचं फळ मात्र दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे जातं, पानाची कडा दातेरी आणि खोडावर लव जास्त असते. बी दोन-तीन मिलिमीटरचं, फिकट, वर रेशमी केसांसारखं आवरण. गुणसूत्रं २४, घरच्या टोमॅटोइतकीच.

तुमच्या अडचणीचं खरं मूळ इथे आहे. गुणसूत्रं जुळतात, संकर दोन्ही बाजूंनी सहज होतो, संकराची संततीही पूर्ण सुपीक. २०१२ मध्ये टोमॅटोचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शेजारी ठेवायला हीच रानटी जात निवडली होती. दोघांत फरक निघाला अवघा ०.६ टक्के. बटाट्याशी तोच फरक आठ टक्क्यांहून जास्त. इतक्या सख्ख्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या देवाणघेवाण होत राहते. इक्वेडोर-पेरूतच रानटी आणि चेरी यांच्या मधली झाडं सापडतात, तर हौशी बीविक्यांच्या पाकिटात ती सापडणारच. तेव्हा तुमच्या प्रश्नाला तिसरं उत्तरही असू शकतं : ना शुद्ध रानटी, ना साधा चेरी, मधलं काहीतरी. पानाची कडा सलग पण फळ दीड सेंटिमीटरचं, असं काही निघालं तर मी हाच अंदाज बांधेन.

एवढ्या बारकाव्याचा उपयोग काय, असं घरचे विचारतील. उत्तर शेतात आहे. टोमॅटोच्या मर रोगाला प्रतिकार करणारं पहिलं उपयोगी जनुक १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरीत याच वाटाण्याएवढ्या फळाच्या झाडातून उचललं गेलं. जीवाणूच्या ठिपक्यांना रोखणारं ‘पीटीओ’ आणि पानांवरच्या बुरशीला रोखणारं ‘सीएफ-९’, दोन्ही इथूनच आली. आपल्याकडे उन्हाळी टोमॅटोवर पानं आवळून टाकणारा विषाणू येतो, त्याविरुद्धची जनुकं याच्या चुलतभावंडांतून घेतलेली आहेत. त्यातलं एक, ‘टीवाय-२’, हिसारला तयार झालेल्या ‘एच-२४’ या टोमॅटोच्या वाणातून जगभर गेलं. नारायणगावच्या बाजारात आज जो संकरित माल उतरतो, त्याच्या वंशावळीत अँडीजच्या पायथ्याचं एखादं तण सापडण्याची शक्यता मोठी.

आणि त्या वेळी ते तण टिपणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही. २७ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस आणि त्यांचा विद्यार्थी डॉन युजेंट हे दोघे पेरूच्या डोंगरात, कुरावासी गावाजवळ, रानटी बटाटे शोधत फिरत होते. हिरवट-पांढुरक्या, अगदी बारक्या फळांचा एक कुरूप टोमॅटो दिसला. त्यांनी त्याचा नमुना दाबला, त्याला ८३२ क्रमांक दिला, वर्णनाच्या चार ओळी लिहिल्या आणि थोडं बी रिक यांना धाडलं. चौदा वर्षांनी, १९७६ मध्ये, ती एक नवीनच जात असल्याचं रिक यांनी जाहीर केलं. आज तिला सोलॅनम चिमिएलेव्हस्की म्हणतात. तिच्या संकरातून केचप-प्युरीच्या टोमॅटोतलं साखरेचं आणि एकूण घट्ट अंशाचं प्रमाण वाढवता आलं. हिरव्या, बेचव फळात साखरेची किल्ली असेल हे १९६२ मध्ये कोणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. नमुन्याला क्रमांक, तारीख आणि जागा नीट लिहिलेली होती म्हणून धागा सापडला.

पिंपिनेलिफोलियमचीही अशी एक अलीकडची गोष्ट आहे. २०१८ मध्ये ब्राझील आणि जर्मनीतल्या संशोधकांनी या रानटी झाडातली सहा जनुकं थेट संपादित केली. फळ तिपटीने मोठं झालं, रानटी झाडाच्या दहापट फळं लागली. हजारो वर्षांची माणसाळवण एका पिढीच्या कामात. मला स्वतःला यात कौतुकाइतकीच थोडी धाकधूकही वाटते, पण तो विषय वेगळा.

आता तुम्ही काय करायचं ते. दहा पानं, दहा फुलं, दहा फळं मोजा. फूल सकाळी मोजा, दुपारपर्यंत पाकळ्या मागे वळून माप फसवं येतं. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, रुपयाचं नाणं नको, नाणी वेगवेगळ्या आकारांची निघाली आहेत. एक घोस पानासकट वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरेल. रंग, वास आणि चव ताज्यावरच लिहून ठेवा. वाळल्यावर पिवळं फूल फिकं पडतं, लाल फळ तपकिरी होतं आणि मग कोणी विचारलं तर आठवणीवर भिस्त राहते.

बी धरायचा विचार असेल तर शेजारच्या कुंडीतल्या टोमॅटोकडे लक्ष ठेवा. कुक्षी बाहेर डोकावणाऱ्या फुलावर तोच भुंगा शेजारचे परागही आणून टाकेल. घोस कळीत असतानाच त्यावर मलमलीची किंवा चहा गाळायच्या कापडाची पिशवी बांधा, फुलं उमलली की दिवसातून एकदा पिशवीवर हलकी टिचकी मारा आणि फळ धरेपर्यंत ती काढू नका. पिकलेल्या फळांचा गर दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्या, मग बी धुऊन सावलीत वाळवा. पाकिटावर दुकानदाराने छापलेलं नाव उतरवू नका. बी कुठून मागवलं, कोणत्या महिन्यात पेरलं, पानाची कडा कशी होती आणि फळ केवढं, हे लिहा. नावाची जागा तूर्त रिकामी ठेवा.